माझा ओरडा आणि उघडी खिडकी

मी एक अलार्म आहे. हवेत विषारी वायू आला की ओरडायचं, एवढंच मला येतं. पण काय ओरडतो म्हणून सांगू, मित्रांनो! कारखान्यात तपासणाऱ्या बाईंनी मला एकदाच वाजवलं आणि कानांवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "हा पास." आयुष्यातलं माझं पहिलं कौतुक ते.

पुढे एका कंपनीने वस्तीशेजारी गॅसच्या विहिरी खोदल्या आणि घरोघर आम्हाला भेट म्हणून वाटलं. मी एका स्वयंपाकघरात, खिडकीजवळ लागलो. पहिल्याच सकाळी संधी मिळाली आणि मी जीव तोडून ओरडलो. कंपनीचे साहेब आले. "नवीन आहे, जरा हळवा आहे," म्हणाले. मग घरातल्या सासऱ्यांनी माझे दोन्ही सेल काढून टीव्हीच्या रिमोटला घातले. ओरडण्यासाठी जन्मलेल्याने भिंतीवर नुसतं लटकायचं!

सुनेचं डोकं मात्र दुखू लागलं. ओट्याशी उभी राहिली की चक्कर, कधी नाकातून रक्त. त्यात तिला दिवस गेलेले. सासरे म्हणाले, "मोबाईल कमी बघ." सासूबाई म्हणाल्या, "नीट जेवत नाहीस." बाहेरून सडक्या अंड्यांसारखा वास यायचा, तो आम्ही शेजाऱ्यांच्या गटारावर ढकलत असू आणि शेजारी आमच्या. सून माहेरी गेली आणि आठवड्यात ठणठणीत झाली. सासरे म्हणाले, "माहेरी कुणाचं डोकं दुखतं?"

परत आली त्याच दुपारी तिला ओट्याशी भोवळ आली. सासूबाईंनी सावरलं म्हणून पडली नाही. खुर्चीत टेकून ती म्हणाली, "आई, तो अलार्म एकदा लावून बघू या ना."

सासूबाई तडक बाहेरच्या खोलीत गेल्या आणि ऐन रंगात आलेल्या मॅचमध्ये त्यांनी सासऱ्यांच्या हातातून रिमोट काढून घेतला.

"अगं, दोन मिनिटं थांब."

"मॅच थांबली तर चालेल. हिचा श्वास थांबायला नको."

सेल बसले आणि मी साठवलेलं सगळं ओरडलो. "गॅस आत कोंडलाय," म्हणत सासऱ्यांनी किलकिली खिडकी सताड उघडली. मी आणखी जोरात ओरडलो. त्यांनी खिडकी लावली, मी हळूहळू गप्प झालो. उघडली, ओरडलो. शिकलेला माणूस, खात्री होईपर्यंत उघडझाप करत राहिला. मग बाहेरच्या विहिरीकडे बघत हळूच म्हणाला, "घरातलं नाहीच हे."

बातमी गल्लीभर झाली. घरोघरचे रिमोट रिकामे झाले आणि आम्ही सगळी भावंडं एका सुरात ओरडलो. काय मैफल जमली होती! साहेब धावतच आले.

"सगळे एकदम कसे बिघडले?"

"बिघडलेले होते, ते आता बरे झालेत," सासूबाई म्हणाल्या. "बसा असे खिडकीशी. चहा टाकते, सावकाश प्या."

साहेबांनी चहा न घेताच फोन लावला आणि विहीर बंद करायला सांगितली. गळती दुरुस्त होईपर्यंत सून माहेरी राहणार आहे. तिची बॅग सासऱ्यांनीच भरली.

मित्रांनो, आमची काळजी घ्या. आम्ही ओरडलो तर खुशाल वैतागा, पण आधी हवेत काय आहे ते बघा. आणि ज्याला ओरडता येत नाही, जे नुसतं कपाळ दाबून ओट्याशी उभं असतं, त्याचं माझ्याही आधी ऐका.