एकेचाळीस पत्रांचं शेवटचं वाक्य

माझ्या आईला एखादी गोष्ट कुणाला सांगू नकोस म्हटलं की ती चारचौघांत करते, आणि सांग म्हटलं की विसरते. म्हणून मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तरी पीएच.डी.च्या व्हायव्हाच्या दिवशी, अकराला पाच कमी असताना, सेमिनार हॉलचं दार उघडलं आणि आई आत आली. तिच्या मागे मोठी मावशी. विभागाच्या फळ्यावरच्या सूचनेचा फोटो कुणीतरी उत्साही प्राण्याने आईला पाठवला होता. ‘खुली मौखिक परीक्षा, सर्वांना प्रवेश.’ सर्वांमध्ये माझी आईही येते, हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसणार.

मावशी दुसऱ्या रांगेत बसली. ठेवणीतले कपडे, केस चापूनचोपून बसवलेले. माझ्याकडे बघून ती इतकी कौतुकाने हसली की मी उगाच लॅपटॉपची वायर नीट करायला लागले.

मी पाच वर्षं एकाच युद्धाच्या मागे होते. लढाया कुणी जिंकल्या याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं. त्या घराघरांत कशा शिरल्या, ते मला शोधायचं होतं. सैनिक मारला गेला की त्याच्या तुकडीतून बायकोला एक पत्र जायचं. एकाच तुकडीची अशी एकेचाळीस पत्रं मला संग्रहालयात सापडली. वेगवेगळ्या घरांतून आलेली, पण अक्षर एकच आणि शेवटही एकच: ‘त्यांना त्रास झाला नाही. शेवटी त्यांनी तुमचंच नाव घेतलं.’ लिहिणारा होता तुकडीचा कारकून. तो आघाडीपासून दोन दिवसांच्या वाटेवर, मागच्या कचेरीत बसायचा. त्याने एकालाही मरताना पाहिलं नव्हतं.

बेचाळिसावं पत्र मावशीकडे होतं.

मावशीचे यजमान, आमचे काका, त्याच तुकडीत होते. ते वाक्य आम्हा भाचरंडांना पाढ्यासारखं पाठ होतं. मावशी आजारी पडली की म्हणायची, कुणी तिला एकटी म्हणून कीव दाखवली की ठसक्यात म्हणायची. पहिलं पत्र वाचलं तेव्हा मी योगायोग म्हणून सोडून दिलं. नववं वाचलं आणि ते संग्रहालयाच्या टेबलावर पालथं घातलं. त्याला दोन वर्षं झाली होती. मी मावशीकडे अवाक्षरही काढलं नव्हतं. तिचं पत्र अभ्यासात घेतलं नाही, आणि बाकीच्या पत्रांचे फोटो काढताना विद्यापीठाच्या संशोधन समितीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवली. नाव झाकलं की माणूस झाकला, असं आमच्या धंद्यात सगळेच मानतात. मीही मानलं. ते वाक्य मात्र पिवळ्या रंगाने उठवलं, कारण माझा शोध तोच होता. चौदावी स्लाइड, चार पत्रं शेजारी शेजारी.

“सुरू कर,” गाइडसर म्हणाले.

मी सुरू केलं. आवाज माझाच होता, पण उसना आणल्यासारखा. प्रत्येक स्लाइडला मी मनात आकडा म्हणत होते. अकरा. बारा. मावशी लहान मुलीसारखी मान डोलावत होती. तेरा. मी बटण दोनदा दाबलं आणि थेट पंधरावर गेले. चौदावी क्षणभर चमकून गेली. गाइडसरांची भुवई वर चढली, पण त्यांनी मला थांबवलं नाही. मला वाटलं, सुटले.

बाहेरून आलेल्या परीक्षकबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “सगळी पत्रं एकाने रचली, हा तुमचा मुख्य दावा. पुरावा?”

“परिशिष्टात आहे, मॅडम.”

“मी वाचलाय. या मंडळींनी कुठे वाचलाय? खुली परीक्षा आहे ना? दाखवा.”

“चौदावी राहिली तुझी,” गाइडसर म्हणाले. “मागे जा.”

फाइल बिघडली, असं सांगता आलं असतं. चक्कर आली म्हणून खाली बसता आलं असतं. बोट बटणावर होतं. सत्याची चाड वगैरे कारणं मला नंतर सुचली. त्या क्षणी मला पदवी हवी होती, एवढंच. मी मागे गेले.

मावशीने पर्समधून चष्मा काढला. तो डोळ्यांवर चढण्याआधीच तिचे ओठ हलायला लागले होते. मग ते थांबले. ती पहिल्या पत्रावरून दुसऱ्यावर गेली, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. चौथ्यापाशी तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“पण यातलं एखादं खरंही असू शकेल,” परीक्षकबाई म्हणाल्या. “एखाद्याने घेतलंही असेल बायकोचं नाव.”

मी पडद्याकडे तोंड केलं. “हे चौघे एकाच पुलावर होते. स्फोटात एकोणीस जण एका क्षणात गेले. काही बोलायला कुणाला वेळच मिळाला नाही.”

पूल मावशीला माहीत होता. काका तिथेच गेले, एवढं सरकारने तिला छापील कागदावर कळवलं होतं. मी वळून बघितलं नाही.

बारा वाजता निकाल सांगितला. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात आईच्या. तिला कशाचाच पत्ता नव्हता. बोलणं सुरू होताच तिचा डोळा लागला होता. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

मावशी बाहेर, पाण्याच्या मशीनजवळच्या बाकावर बसली होती. मी शेजारी बसायला गेले तशी तिने पर्स उचलून आमच्या मध्ये ठेवली.

“कधीपासून माहितीये तुला?”

“दोन वर्षं.”

“दोन वर्षं. दर रविवारी माझ्याकडे जेवून जात होतीस.”

“कसं सांगायचं ते कळत नव्हतं गं.”

“आत माइकवर बरं कळलं.”

लाज वाटली. इतकी की रडूही आलं नाही. चूक झाली, असं काहीतरी मी पुटपुटले.

“त्या कारकुनावर माझा राग नाही,” ती म्हणाली. “त्याने एकेचाळीस घरांत जाऊन काय तोंड दाखवलं असतं? पण मला एक सांग. त्या एकेचाळीस जणींपैकी पुन्हा लग्न कितीजणींनी केलं?”

मी कागदाची जात तपासली होती, शाई तपासली होती, कोणतं पत्र किती दिवसांत पोचलं त्याचा तक्ता केला होता. प्रबंधाच्या नावातच ‘सामाजिक परिणाम’ हे शब्द होते.

“ते नाही बघितलं मी.”

“मग पाच वर्षं काय केलंस?” ती चिडून विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आतून आई हाका मारत होती. सगळ्यांचा फोटो काढायचा होता.

“दवाखान्यात एक कंपाउंडर होता,” मावशी म्हणाली. “मला आवडायचा. हसायचा छान. लग्नाचं विचारायला दोनदा आला. पहिल्यांदा मी विचार करते म्हणाले. दुसऱ्यांदा त्याला समोर बसवलं आणि ते पत्र अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. शेवटाला आले तर त्याच्याच डोळ्यांत पाणी. म्हणाला, ‘तुमचं बरोबर आहे.’ चप्पल घातली आणि गेला. चोवीस वर्षांची होते मी.”