फुलाने खाल्लेला शब्द

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे आणि माझी गोष्ट सांगताना मला मान वर करवत नाही.

ऑपरेशननंतर बायकांना ज्या खोलीत ठेवतात, तिथल्या बेसिनवर मी टांगलेली आहे. तेव्हाच्या भूलतज्ज्ञांनी कागदावर लिहून दिले होते, 'भूल दिल्यावर आईला पूर्ण शुद्ध येईपर्यंत बाळास पाजू नये.' पेंटरकाका भारी हौशी. त्यांनी आधी कोपऱ्यात गुलाब काढला. मग अक्षरे मावेनात, म्हणून 'आईला' गाळले. "समजून घेतील लोक," म्हणत त्यांनी ब्रश धुतला.

लोकांनी भलतेच समजून घेतले. भुलीने दूध बिघडते आणि पुन्हा शुद्ध दूध येईपर्यंत पाजायचे नाही! टक्क जाग्या आया दूध पिळून माझ्याखाली ओतायच्या. शेजारी बाळ रडून लालेलाल व्हायचे. आणि मी? "फूल काय सुरेख आहे!" असे कुणी म्हटले की फुशारून जायचे. आठवले की मेल्याहून मेल्यासारखे होते.

एकदा अपेंडिक्स काढलेली एक आई आली. तिची दोन महिन्यांची लेक बाटलीला तोंड लावेना.

"पाटी वाच गं," सासूबाई म्हणाल्या. "शुद्ध दूध येऊ दे आधी."

ती डोळे पुसत वाटी घेऊन बेसिनपाशी आली. तेवढ्यात नव्या भूलतज्ज्ञ बाई आत आल्या. "हे काय ओततेस?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. बाईंनी मला दोनदा वाचले आणि कपाळाला हात लावला.

"अहो आजी, शुद्ध आईला यायची असते, दुधाला नाही! काय गं, गुंगी नाही ना? बाळ नीट धरता येतंय? मग पाज की. तुला दिलेल्या औषधांनी तिला काही होत नाही. नवीन गोळी दिली कुणी, तर आधी विचार मात्र."

लेक गटागटा प्यायली. सासूबाई बघत राहिल्या.

"थोरल्या सुनेला मी दोन दिवस ओतायला लावलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "नंतर बाळाला तिचं दूधच पुरलं नाही."

चूक माझी होती, पण पाटीला तोंड कुठे असते?

दुसऱ्याच दिवशी काकांनी गुलाबावर पांढरा रंग फासून तिथे 'आईला' लिहिले. मित्रांनो, दुसऱ्यासाठी चार शब्द लिहाल, तेव्हा ते त्याच्याकडून वाचून घ्या आणि काय कळले ते विचारा.

ऊन पडले की रंगाखालून एक लाल पाकळी अजून दिसते. कुणी तिला फूल म्हटले, तर सांगा, तो डाग आहे.