बिवेअर आणि बेवारस

आयडाच्या लग्नाच्या आदल्या सकाळी मरोळच्या विहिरीवर पाटी उगवली. रात्री नव्हती, सकाळी होती. अक्षरं लालभडक, इंग्रजी. विहिरीमागच्या टेकडीवर खडीची खाण निघाली होती, तिथल्या माणसांनी ती ठोकली असणार.

तेरेसामावशीनं आपल्या लेकाला, क्लेमेंटला पुढं ढकललं. "वाच रे. चार बुकं शिकलास ना?"

क्लेमेंटनं एकेक अक्षर जोडलं. "बे... वा... रे..."

"बेवारस?" मावशीच्या काखेतली कळशी घसरली.

पाटीवर दुसरी ओळही होती, बारीक अक्षरांची. तिच्यापर्यंत कोणी पोचलंच नाही.

ती विहीर आयडाच्या बापानं खणलेली. त्याच्यामागून आयडाची आईही गेली, आणि उंबऱ्याएवढ्या पोरीला मावशीनं पदराखाली घेतलं. सोयरीक ठरली तेव्हा नवऱ्याकडची एक म्हातारी बोलून गेली होती, 'पोर गोड आहे, पण बेवारस.' तो शब्द मावशीच्या उरात माशाच्या काट्यासारखा अडकला होता. आता तोच विहिरीवर लटकला, असं तिला वाटलं.

"उंबराचं पाणी इथूनच जाईल," ती म्हणाली. "आणि असं वाजतगाजत जाईल की टेकडीलाही कळेल, वारस कोण ते."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी आणायचं, त्यानं नवरीला न्हाऊ घालायचं, ही गावठाणाची रीत. त्या संध्याकाळी अख्खं गाव निघालं. घुमट, मडक्याचा तो ढोल, घुमला, पितळी बाजा झळाळला, लाल लुगड्यांची रांग भाताच्या बांधावरून आगीसारखी सरकली. पुढं मावशी गात होती, मागं बाया ओळ झेलत होत्या. क्लेमेंट तर उलटा चालत नाचत होता.

टेकडीवर एक माणूस लाल फडकं हलवू लागला.

"बघ आये, तेपण नाचतात," क्लेमेंट म्हणाला.

शिट्टी वाजली. बाजानं ती गिळली. मग खाणीवरचा देखरेख्या, अनंत, धोतराचा सोगा धरून उतारावरून धावत आला. "डेंजर! वॉर्निंग! डेंजर!" असं तो ओरडत होता. बाजेवाल्यांना वाटलं दाद देतोय, त्यांनी गाल आणखी फुगवले.

तो थेट मावशीच्या पुढ्यात उभा राहिला. "बाई, थांबा."

"विहीर बेवारस नाही, भाऊ."

"बेवारस कोण म्हणालं?"

"तुमची पाटी."

"अहो, ते बिवेअर. बिवेअर म्हणजे सावध राहा. खालच्या ओळीत लिहिलंय, संध्याकाळी सुरुंग आहे. वात पेटलीय, बाई."

मावशीनं मागच्या गर्दीकडे पाहिलं. ओरडून कोण ऐकणार होतं? पण गाणारणीची ओळ बाया ऐकतात, आणि ओळ सांगेल तसं पाऊल टाकतात. तिनं तोच सूर धरला, तोच ठेका, शब्द तेवढे फिरवले:

*वळा गो बायांनो, वळा माघारी,*
*डोंगर शिंकतो, लपा खळ्याच्या दारी.*

बायांनी ओळ झेलली आणि झेलता झेलताच वळल्या. लुगड्यांची रांग वळली तशी घुमटवालाही वळला, बाजाही वळला. गात गात सगळं गाव खळ्याच्या दगडी भिंतीआड गेलं. क्लेमेंटला अनंतनं दंडाला धरून ओढलं.

टेकडी शिंकली.

जमीन पायांखालून हलली. धूळ उठली, आणि दगड पावसासारखे बांधावर पडले. क्लेमेंट नाचत होता तिथं नारळाएवढा धोंडा रुतला. तो धोंड्याकडे बघत राहिला, मग हळूच हसला. "आये, मी तर गेलोच होतो गो."

मावशीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि तोच हात पाठीवर ठेवून दिला.

मग ती अनंतकडे वळली. "तुमच्या इंग्रजीत भीतीला शब्द तरी किती?"

अनंतला दम लागला होता. "पुष्कळ, बाई. वॉर्निंग म्हणजे संकट येतंय. डेंजर म्हणजे आलंच, दारात उभं आहे. कॉशन म्हणजे जा, पण जपून."

"मग आत्ता कुठला?"

अनंतनं टेकडीकडे पाहिलं. लाल फडकं खाली आलं होतं. "कॉशन," तो म्हणाला. "आज सुरुंग नाही आता. आणि उद्या पाटीवर मराठीतही लिहितो."

"झकास," क्लेमेंट म्हणाला, आणि बाजा पुन्हा उसळला.

विहिरीचं पाणी अजून थरथरत होतं. ते तसंच कळशीत आलं, थरथरत आयडाच्या माथ्यावर ओतलं गेलं.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड मांडवात शिरलं. ती म्हातारी पुढंच बसली होती. मावशीनं तिच्याकडे बघत, गोड हसत, नवी ओळ काढली:

*बिवेअर रे नवऱ्या, बिवेअर रं,*
*आमची आयडा नाही बेवारस रं.*

मागून अख्ख्या गावानं ती झेलली. आयडा ओल्या डोळ्यांनी हसली. म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "बिवेअर म्हणजे काय गो?"

"जपून," शेजारीण म्हणाली.