बाटलीतली कीड

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दवाखान्याचा जिना सकाळी आठलाच भरायचा. खाली चपलांचं दुकान, वर दातांचं. गालाला हात लावलेली माणसं पायरीला दोन याप्रमाणे बसलेली असायची, आणि वरून उतरणारा प्रत्येक जण बोटभर काचेची बाटली उंच धरून यायचा, जणू शर्यत जिंकून आला. बाटलीत पाणी, पाण्यात कणीहूनही बारीक पांढरे किडे.

"किती निघाले?" जिना विचारायचा.

"नऊ!"

"नशीबवान आहात. माझ्या मेव्हण्याचे चारच निघाले."

दाढेत नऊ किडे असण्यात नशीब कसलं, हे विचारण्याइतकी अक्कल त्या जिन्यावर कुणाकडे उरली नव्हती. ती सगळ्यांनी खाली चपलांबरोबर काढून ठेवली होती.

माझी धाकटी बहीण सतराव्या नंबरावर होती. डावा गाल इतका सुजलेला की त्या बाजूचा डोळा अर्धा मिटला होता. अंगात ताप. सहा आठवड्यांत तिचे एकोणीस किडे निघाले होते, आणि दातवाल्याने सांगितलं होतं की दाढेत एकवीस आहेत. एकवीस पुरे झाले की दुखणं संपलं.

आदल्या दिवशी मी तिला ओढत सरकारी इस्पितळात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घालून पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "दाढेखाली पू झालाय. सूज गळ्याकडे उतरतेय. आजच दाढ काढू. गळ्याशी पोचली तर श्वास अडकेल."

बहीण खुर्चीवरून उठलीच. "दोन किडे राहिलेत. ते आत असताना दाढ काढली तर शेजारच्या दाढेत शिरतील. आधी ते निघू देत."

रात्रभर समजावलं. व्यर्थ. म्हणून सकाळी मीही तिच्याबरोबर जिन्यावर येऊन बसलो. हट्टी माणसाला एकटं सोडू नये, एवढंच त्या वेळी मला सुचलं.

नंबर लागला तसे आत गेलो. मधलं दार काढून टाकलेलं होतं, म्हणजे बाहेर बसलेल्यांनाही चमत्कार दिसावा. दातवाला कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कोटात उभा. बोलणं असं की ऐकणाऱ्याच्या दाताला चिकटावं.

"कीड लाजाळू असते, ताई. आरसा आणि उजेड दाखवला की आत पळते. म्हणून मी तोंडात बघतच नाही. तिला ऊब द्यायची. ऊब मिळाली की ती आपल्या पायांनी चालत बाहेर येते."

किड्यांना पाय नव्हते. पण बोलणार कोण?

पद्धत अशी. स्टीलच्या वाडग्यात किटलीतलं उकळतं पाणी ओतायचं, त्यात डब्यातली करडी पूड चिमूटभर टाकायची, आणि रोग्याने डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफेवर तोंड उघडून बसायचं. दहा मिनिटांनी टॉवेल काढला की वाडग्यात किडे. मग 'वाट मोकळी' करायला दातवाला टोकाशी वाकवलेल्या तारेचा एक आकडा दाढेत खुपसायचा, तो गुलाबी पाण्याच्या पेल्यात बुचकळायचा, आणि पुढच्याच्या तोंडात घालायचा. सकाळपासून सोळा तोंडं आणि एकच आकडा. पेल्यातल्या पाण्याला आता कुठला रंग म्हणावा, ते सांगत नाही. कुणी जेवत असताना वाचत असेल.

बहीण टॉवेल घेणार, तेवढ्यात जिन्यात गलका झाला. "ओ बाई, नंबर आहे!" "नंबर आजारी माणसांना," असं म्हणत एक तिशीतली बाई वर आली. खांद्याला झोळी, हातात कागद लावलेली पाटी. आरोग्य खात्याची तपासनीस.

"दवाखान्याची तपासणी आहे. काम दहा मिनिटं थांबवा."

"अवश्य! आम्ही काही लपवत नाही," दातवाला हसला. "हे वाफेचं यंत्र बघा. परदेशी. प्रत्येक अवजार यातून निघाल्याशिवाय तोंडात जात नाही. दिवसातून आठ वेळा चालतं."

यंत्र कोपऱ्यात होतं. वर भरतकामाचा रुमाल, त्यावर कागदी फुलांची फुलदाणी. मला तिथेच हसू आलं. छत्तीस वर्षं मी इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळला. दिवसातून आठ वेळा तापणाऱ्या यंत्रावर फुलदाणी ठेवायची छाती कुणाची होत नाही.

मी जवळ जाऊन वाकून पाहिलं. बॉयलरच्या परीक्षेसाठी पंचेचाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकलो. तेव्हापासून छापलेलं काही दिसलं की वाचून काढतो, औषधाच्या खोक्यापासून विजेच्या खांबापर्यंत. यंत्राच्या मागे, पाणी बाहेर पडायच्या नळीच्या तोंडात लाल बूच होतं आणि त्यावर पट्टी.

"बाई, इथे काहीतरी लिहिलंय," मी म्हणालो, आणि मोठ्याने वाचलं, "'प्रथम वापरापूर्वी हे बूच काढा.'"

तपासनीस बाई वाकल्या. रबराच्या कडेला कारखान्यातली पांढरी पूड अजून तशीच होती. आत क्षाराचा डाग नाही, थेंब नाही. त्यांनी फुलदाणी उचलून दातवाल्याच्या हातात दिली. "दिवसातून आठ वेळा?"

दातवाल्याने फुलदाणी छातीशी धरली, पण जीभ काही धरली नाही. "मॅडम, ते सामान्य दवाखान्यांसाठी. इथल्या धुरीपुढे जंतू टिकत नाहीत."

लोकही त्याच्याच बाजूने उठले. "बाई, तुम्ही यंत्र कसलं बघता? किडे बघा आधी!" "तुमच्या इस्पितळात काढून दाखवा की एक तरी!"

"दाखवा तर," बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

"मी बसतो," मी म्हणालो.

बहीण चमकली. "दादा, तू? अरे, तुला तर..."

"गप बस गं. माझंही दुखतंय."

डोक्यावर टॉवेल आला. वाफ, घाम, उग्र वास. बाहेर दातवाल्याचं कीर्तन चालूच. दहा मिनिटांनी टॉवेल निघाला, आणि लोकांनी मोजायला सुरुवात केली. अकरा!

"बघा! आजोबांची खालची उजवी दाढ पार पोखरलेली होती. सात तिच्यातले. चार वरच्या सुळ्यातले. आजोबा, हलकं वाटतंय ना?"

"आता वाटेल," मी म्हणालो, आणि आधी वरची, मग खालची कवळी काढून वाडग्याशेजारी टेबलावर ठेवली. बारा वर्षांपासून माझ्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही. "यातली पोखरलेली दाढ कुठली, ते तेवढं दाखवा. बनवणाऱ्याकडून बदलून घेतो."

दात नसताना माझं बोलणं फसफसतं, पण त्या दिवशी जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू गेलं.

पहिली हसली ती बहीण. हसताना गाल दुखला म्हणून कळवळली, आणि मग तिचं हसू विझलं.

दातवाला मात्र पक्का. "किडे हिरड्यांत होते! जुन्या मुळांतले!" आणि गर्दीतला एक शहाणा लगेच म्हणाला, "असू शकतं हो. मुळं राहतात." बुडणाऱ्याला काडीचा आधार म्हणतात, पण बुडवणाऱ्याला काडी द्यायला धावणारी माणसं मी तिथे पाहिली.

तपासनीस बाई स्टुलावरून उठल्या. दोन वाडगे धुऊन आणले. एकात किटलीतलं उकळतं पाणी, दुसऱ्यात नळाचं गार. दोन्हींत त्याच डब्यातली चिमूट टाकली आणि वाडगे खोलीच्या मधोमध जमिनीवर ठेवले. "कुणीही जवळ यायचं नाही. तोंडं मिटून लांबून बघा."

चाळीस माणसं तोंड मिटून उभी. तो खरा चमत्कार म्हणायचा.

दहा मिनिटांनी गरम वाडग्यात चौदा किडे. गार वाडग्यात नुसती पूड. बाईंनी चिमट्याने एक किडा उचलला, झोळीतलं भिंग काढलं आणि बहिणीपुढे धरलं. "ताई, याच्या शेपटाला काय आहे?"

बहिणीने उघड्या डोळ्याने निरखून पाहिलं. "टरफल... बी आहे ही."

"एका रानटी झाडाची. गरम पाण्यात टरफल फुटतं आणि आतला पांढरा कोंब बाहेर येतो. ना डोळा, ना तोंड, ना जीव." झाडाचं नावही त्यांनी सांगितलं. मी इथे देत नाही. बी विषारी आहे, आणि उद्या कुणी आणखी एक दवाखाना काढायचा.

बहिणीने पिशवीतून आपली बाटली काढली. भिंगाखाली एकेक करून एकोणीसच्या एकोणीस पाहिले. मग दातवाल्याकडे वळली. "सहा आठवडे मी कण्हत इथे येत होते. तुम्ही एकदा तरी माझ्या तोंडात बघायचं होतं हो."

तो कागदी फुलं नीट करू लागला. फुलदाणी अजून हातातच होती.

बाईंनी डबा, आकडा आणि गुलाबी पेला पिशव्यांत बांधला, दाराला सील लावलं, आणि ज्या-ज्या तोंडात तो आकडा गेला त्या सगळ्यांना रक्त तपासून घ्यायला सांगितलं. लोक जिना उतरले ते एकमेकांकडे न बघता. बाटल्या आता कुणी उंच धरल्या नव्हत्या.

आम्ही तसेच इस्पितळात गेलो. दाढ निघाली, वाटीभर पू निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यावर टाकलं असतं तर गळ्याला भोक पाडून श्वास द्यावा लागला असता.

मला राग येतो तो एकाच गोष्टीचा. त्या दवाखान्यात पाणी रोज उकळत होतं. थापेसाठी उकळत होतं, आकड्यासाठी नाही. तीच किटली त्याने अवजारांसाठी वापरली असती तरी निम्मं पाप टळलं असतं. आणि आपण? चाळीस माणसं किडे मोजत बसलो, पण पेल्यातलं पाणी कुणी पाहिलं नाही. दवाखान्यात जाल तेव्हा चमत्कार मागू नका. अवजार कशात उकळलं ते विचारा. डॉक्टरला राग आला तर येऊ द्या, तोंड तुमचं आहे. आणि जो दुखणाऱ्या जागेकडे न बघताच दुखण्याचा हिशोब सांगतो, त्याच्यासमोरून उठून चालू लागा.

बहिणीने ती बाटली टाकली नाही. फडताळावर आहे. परवा शेजारीण विचारत होती, "अगं, शेवटी किती निघाले तुझे?"

"एकोणीस बिया आणि एक दाढ," बहीण म्हणाली. "माझी होती ती दाढ तेवढी."