खिडकीपासून खिडकीपर्यंत

“मास्तर, या दोन लाइनींच्या मधे भाजीचं दुकान टाकता येईल,” बाबा म्हणाले.

बाबा म्हणजे माझे सासरे. मी कपडे शिवते म्हणून ते मला मास्तर म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मी सूनबाई होते. शिलाई मशीन घेतलं त्या दिवशी बढती मिळाली. आणि ज्या लाइनींबद्दल ते बोलत होते, त्या आमच्या जेवणाच्या टेबलावर होत्या. बाबा छोट्या लाइनीवर गार्ड होते. ती लाइन बंद पडली, रूळ उखडून नेले, स्टेशनाच्या जागी आता गोदाम आहे. तेव्हा त्यांनी ते स्टेशन घरी बांधायला घेतलं, खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. त्यासाठी आमचं टेबल संपादित झालं, नुकसानभरपाई न देता. आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवतो.

बांधतात ते म्हणायचं एवढंच. त्यांचे हात थरथरतात. ते खुर्चीत बसून सांगतात आणि मी करते. मी शिलाईसुद्धा कुणाकडे शिकले नाही, जुने कपडे उसवून उसवून शिकले. रूळ बसवणं त्याहून फार वेगळं नाही. फक्त चुकलं की दोरा ओढून काढता येत नाही.

“बाजारात सांधे तयार मिळतात ना, ते तसेच येतात,” मी म्हटलं. सांधा म्हणजे गाडी एका लाइनीवरून दुसरीवर जाते तो जोड. “ते जोडले की लाइनी आपोआप लांब पडतात.”

“एवढ्या लांब?”

आता खोटं बोलून भागलं असतं. पण गार्डाच्या नजरेसमोर मला खोटं नीट जमत नाही.

“नाही. थोडी माया मी सोडली.”

वाढत्या मुलीचा झगा शिवताना आत जास्तीचं कापड ठेवतो, त्याला आम्ही माया म्हणतो. सवयीनं सोडली जाते.

“कशाला?”

माझं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. त्यांनीही पाहिलं आणि हात हळूच टेबलाखाली घेतला. रुळावर गाडी ठेवायची तर दोन्ही बाजूंनी बोटं जायला हवीत. लाइनी जवळ असल्या आणि हात थरथरला की एक उचलताना दुसरी आडवी होणार. मी पाहिलं होतं ते. एकदा अख्खी गाडी पाडल्यावर बाबा दोन दिवस त्या खोलीत फिरकले नव्हते.

“माझ्या हातासाठी स्टेशन रुंद करू नकोस,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

मग स्वतःच बोलायला लागले. हे मी तुकड्यातुकड्यांनी आधी ऐकलं होतं, सलग पहिल्यांदाच.

सासूबाई दवाखान्यात नर्स होत्या. बाबांची ड्युटी पहाटेची, चूल पेटायच्या आधी घराबाहेर. ते गाडी घेऊन लाइनीच्या टोकापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. तोवर सासूबाई स्वयंपाक उरकून कामावर जायच्या गाडीत बसलेल्या असायच्या. लाइन एकच, तेव्हा येणारी आणि जाणारी गाडी एकमेकींना वाट द्यायला मधल्या त्या स्टेशनात शेजारी शेजारी उभ्या राहायच्या. बाबा शेवटच्या डब्यात, म्हणून सासूबाई त्यांच्या गाडीच्या अगदी पहिल्या बोगीत बसायच्या, इंजिनाच्या धुरात. म्हणजे दोघांच्या खिडक्या बरोबर समोरासमोर यायच्या. गार्डानं जागा सोडायची नाही, मधल्या बाजूचे दरवाजे बंद. मग त्या खिडकीतून जेवणाचा डबा पुढे करायच्या, बाबा हात बाहेर काढून तो घ्यायचे. शिट्टी. दोन गाड्या दोन दिशांना.

“सगळी नोकरी ते जेवलो मी,” बाबा म्हणाले. “त्या दोन खिडक्या जेवढ्या जवळ होत्या, तेवढ्या मला एकदा बघायच्यात. गाडी मीच आणणार. गाडीचं बटण अजून फिरवता येतंय तोवर.”

डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात असेच राहणार नाहीत.

“खरं अंतर किती होतं?” मी विचारलं.

“मोजलं कुणी होतं? पण सांगतो. एका लाइनीचा स्लीपर संपतो तिथपासून दुसरीचा सुरू होतो तिथपर्यंत एक सुटा स्लीपर आडवा पडायचा आणि वर दोन वीत जागा उरायची. गँगवाले दुपारी त्याच स्लीपरवर बसून पत्ते खेळायचे. पाय पसरले की रुळाला लागायचे.”

स्लीपर म्हणजे रुळांखालचा आडवा लाकडी ओंडका. याहून पक्कं माप मला गिऱ्हाइकंसुद्धा देत नाहीत.

संध्याकाळी आमचे हे दुकानातून आले. रंगाच्या दुकानात असतात; त्यामुळे स्टेशनाला रंगाची ददात नाही. मी करवतीनं नवाकोरा सांधा कापत होते.

“अगं, बरा होता की तो.”

“लांब होता.”

“बाबा, तुमची ही मास्तर एक दिवस घराचे खांब कापेल.”

“तू मांडीवर ताट घे आणि गप जेव,” बाबा म्हणाले. हे हसले, पण जेवताना त्या उखडलेल्या लाइनीकडे बघत राहिले. आईच्या डब्याची गोष्ट त्यांनाही माहीत होती.

सांध्यांची टोकं कापली, रूळ पुन्हा अंथरले, काड्यापेटीतल्या काडीचा स्लीपर करून मधे आडवा ठेवून पाहिला. वर दोन वीत, म्हणजे आमच्या मापानं सुतळीच्या दोन जाडींएवढं काहीतरी. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या. मधे माझी करंगळी गेली, अंगठा गेला नाही. बाबांनी हात पुढे केला, मधेच थांबवला आणि पाठीमागे नेऊन दुसऱ्या हातानं धरला. गार्ड फलाटावर उभे राहतात तसे.

“ड्युटीवर कुणी बोगी हातानं उचलली नाही कधी,” ते म्हणाले. “असंच पाहिजे.”

आता माणसं. बाबांची अट एकच: दोघांचे हात खरे पाहिजेत. बारीक तारेला दोरा गुंडाळून मी दोन माणसं केली. बाबांच्या हाताचं माप टेपनं घेतलं. सासूबाईंचं कुठून घेणार? मग आठवलं, त्यांचा दवाखान्यात घालायचा कोट कपाटात आहे. बाही मीच कमी करून दिली होती. खांद्याच्या शिवणीपासून मनगटापर्यंत मोजलं, त्यात पंजा धरला, सत्त्याऐंशीनं भागलं, तार कापली.

बाबांना त्यांच्या खिडकीत बसवलं, सासूबाईंना त्यांच्या. दोघांचे हात सरळ बाहेर काढले.

लागले नाहीत.

मधे शर्टाच्या बटणाच्या जाडीएवढी फट राहिली. एवढीशीच. पण खऱ्या स्टेशनात ती वीतभराहून जास्त. जेवणाचा डबा खाली पडला असता.

“लाइन चुकली,” बाबा म्हणाले.

मी काडीचा स्लीपर पुन्हा ठेवला. बरोबर बसला.

“मग बाही चुकली.”

“बाही माझ्या हातची आहे, बाबा.”

ते भिंगातून बघत राहिले. मला वाटलं, संपलं. इतके दिवस खपून मी त्यांना दाखवलं काय, तर ती भेट होतच नव्हती. एक मन म्हणालं, एक लाइन आत सरकव; बटणाएवढी तर सरकवायची आहे. माया सोडता येते तशी दाबताही येते. त्यांना कळलंही असतं बहुतेक. पण सरकव असं त्यांनी स्वतःहून म्हटलं नाही, तेव्हा मी हात लावला नाही.

“तुम्ही किती वाकायचात?” मी विचारलं.

“मी कुठला वाकतोय? अंगावर युनिफॉर्म, एका हातात झेंडी. हात काढायचो फक्त.”

मी कोट उचलला, परत कपाटात ठेवायला. घडी घालताना बोटांना ते लागलं. पुढच्या बाजूला, कमरेच्या जरा वर, आडवी पट्टी. तिथलं कापड विरलेलं, आतून मी अस्तर लावलेलं. एकदा नाही, दोनदा. तेव्हा मी सासूबाईंना विचारलं होतं, आई, कोट कोपरावर विरतो, बाहीच्या टोकाला विरतो, हा इथं कसा विरतो? त्या म्हणाल्या होत्या, दवाखान्यातल्या टेबलाला घासतं गं. आणि त्या रेघेत काळं काहीतरी बसलेलं असायचं, कितीही धुतलं तरी न जाणारं. मी तेव्हा ते औषध समजले होते.

मी कोट बाबांच्या मांडीवर ठेवला आणि ती पट्टी दाखवली. त्यांनी आयुष्यभर खिडक्यांच्या चौकटी बघितल्या होत्या. त्यांची काजळीही.

त्यांचा हात त्या रेघेवरून फिरत राहिला.

“ती उंच कुठं होती,” ते म्हणाले. “त्या बोग्यांच्या खिडक्या वर असायच्या. म्हणजे बाकावर चढून उभी राहत असणार. आणि मग कमरेपर्यंत बाहेर.”

मी खाली त्यांच्या खुर्चीशी बसले.

“मी तिला रोज म्हणायचो, डबा जरा आधी काढत जा. ऐन वेळी काय शोधाशोध करतेस. रोज.” त्यांनी कोटाची घडी घातली. ती नीट पडली नाही, पुन्हा घातली. “बोलली नाही कधी.”

“डबा मिळत होता ना तुम्हाला,” मी म्हटलं.

“गरम मिळायचा,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाई नव्यानं केल्या. पायाखाली बाक घेतलेल्या, कमरेपासून पुढे वाकलेल्या. पण त्या वाकलेल्या सासूबाई खिडकीत ठेवून गाडी चालेना. लाइनी इतक्या जवळ की दुसरी गाडी आत आली की त्यांना धडकायची. मी जरा वेळ डोकं लावलं, मग लक्षात आलं, हेही बरोबरच आहे. दोन्ही गाड्या थांबल्याखेरीज त्याही बाहेर वाकत नसणार.

तेव्हा असं ठरलं की गाड्या बाबा आणतील, आणि थांबल्या की सासूबाईंना मी चिमट्यानं खिडकीत ठेवीन.

हेही दुकानाला निघता निघता दारात थांबले. “मला उशीर होतोय,” म्हणाले आणि चपला काढून आत आले.

बाबांनी दोन्ही हातांनी बटण धरलं. सासूबाईंची गाडी आधी आली, इंजिन फलाटाच्या टोकाला नेऊन उभी केली. मग त्यांची स्वतःची. ती सांध्यावर अडखळली. पण चाक आपलं आपण बसलं आणि गाडी संथपणे आत शिरली, शेवटचा डबा बरोबर पहिल्या बोगीसमोर. खिडकीला खिडकी. थरथरणाऱ्या हातांनी ते कसं साधलं, मला माहीत नाही.

मी श्वास धरून चिमटा आत नेला आणि सासूबाईंना ठेवलं. तारेच्या टोकाला तारेचं टोक लागलं. बाबांचा हात खिडकीबाहेर सरळ होता, फक्त हात. बाकी सगळं अंतर सासूबाईंनी कापलेलं.

बाबा खुर्चीतून उतरले आणि गुडघ्यावर बसले, डोळे टेबलाच्या कडेला लावून. यांनी त्यांना धरायला हात पुढे केला, मग नुसताच खांद्यावर ठेवला.

माझी सवय अशी की बाबांची गाडी खोळंबलेली मला बघवत नाही. नोकरीत त्यांनी कधी गाडी थांबवून ठेवली नव्हती. घरात घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं तरी अस्वस्थ होणारा माणूस. बटणाशेजारची कळ मीच दाबली. फलाटाच्या टोकाला सिग्नलचा छोटा हात खाली आला, म्हणजे गाडी सुटायला मोकळी.

“बाबा, सिग्नल पडलाय.”

“पडू दे,” ते म्हणाले. “उभी राहू दे.”