बारासिंगा छाप

अलीगढमध्ये कुलूप कुणीही करतं. एक घर कुलपातल्या पट्ट्या, म्हणजे लीव्हर कापतं, दुसरं पॉलिश मारतं, तिसरं किल्ल्या घासतं. पण वर ठोकलेला छाप ज्याचा, माल त्याचा. आमचा छाप बारासिंगा. माझे मियाँ जमील गेले तेव्हा मागे तीन कारागीर उरले आणि हा रजिस्टर केलेला छाप. दर दहा वर्षांनी त्याचं नूतनीकरण करावं लागतं, ते मी स्वतः दोनदा केलंय. तारीख चुकायची वाट बघत लोक टपलेलेच असतात.

तेवढ्यानं भागत नाही. दर सोमवारी सरकारी जर्नल निघतं, त्यात नव्या छापांचे अर्ज येतात. आपल्यासारखा छाप कुणी मागतोय का, ते आपणच बघायचं. सरकार काही दार ठोठावून सांगायला येत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जवळजवळ चार महिने माझं बघणं राहिलं. उठून मागचे अंक चाळले, तर डोळ्यांपुढे अंधारीच आली. कुलपांसाठीच अर्ज, तसाच मान वळवलेला बारासिंगा, फक्त नाव 'सांबर छाप'. अर्जदार मुस्तकीम! वीस वर्षं आमच्याकडे छाप ठोकणारा, माझ्या हातचं जेवलेला, दोन वर्षांपूर्वी स्वतःचा कारखाना टाकलेला मुस्तकीम. हरकत घ्यायची मुदत चार महिन्यांची. उरले होते नऊ दिवस.

मोहल्ल्यातल्या बायका म्हणाल्या, "घरचाच आहे, जाऊ दे." जाऊ दे म्हणे! यांच्या बापाचं काय जातंय?

वकील कुलश्रेष्ठ मात्र स्पष्ट बोलले. "भाभीजी, आज ह्याला सोडलंत, तर उद्याचा चोर म्हणेल, तेव्हा बाई गप्प होत्या, मग आत्ताच का बोलतात?"

"मग घाला हरकत," मी म्हटलं.

नोटीस पोचली त्याच दिवशी मुस्तकीम तणतणत घरी आला.

"भाभी, माझ्यावर केस? माझ्यावर?"

"आवाज खाली. मी लंगडी झालेय, बहिरी नाही."

"अहो, तो बारासिंगा मी काढलाय! खडूनं, पत्र्यावर. जमीलभाईंनी काढला होता तो गाढवासारखा दिसत होता!"

खरं होतं. जमील किती हसले होते त्या दिवशी! पण मागं हटायचं नव्हतं.

"तूच काढलास. कोण नाही म्हणतंय? तुझं कुलूप आणलंयस?"

त्यानं खिशातून नवंकोरं कुलूप काढून टेबलावर आपटलं. मी ते बंद केलं, किल्ली त्याच्या हातात दिली आणि कुलपाच्या एका बाजूला हातोडीचा एक टोला हाणला. कडी टपकन उघडली.

"लीव्हर किती?"

"चार." तो खाली बघत म्हणाला.

"आपले किती असतात?"

"सात. भाभी, व्यापारी भाव देत नाहीत हो. बारासिंगा दिसला की गिऱ्हाईक आत बघत नाही, म्हणून..."

"आत बघत नाही, कारण इतकी वर्षं आत सात होते! तुझ्या चारांमुळे कुणाच्या तरी लेकीचे दागिने जातील, आणि शिव्या मला बसतील."

त्यानं उघडलेलं कुलूप उचलून खिशात टाकलं. मग म्हणाला, "कुठं सही करू?"

दुसऱ्या दिवशी कुलश्रेष्ठांच्या ऑफिसात त्यानं अर्ज मागे घेतला आणि जायला उठला.

"बस," मी म्हटलं. "नवा अर्ज भर."

"कशाचा? दुसरं चित्र मला सुचत नाही."

"नाव घाल तुझं."

"माझं नाव कोण ओळखतं?"

"वीस वर्षं दुसऱ्याचा छाप ठोकलास, ओळखणार कसं?"

कुलश्रेष्ठांनी कॉम्प्युटरवर शोधलं. कुलपांत 'मुस्तकीम' नावाचा छाप कुणाचाच नव्हता. ते अर्ज भरू लागले आणि एका रकान्याशी थांबले.

"छाप कधीपासून वापरात आहे?"

मुस्तकीम माझ्याकडे बघायला लागला.

"लिहा साहेब," मी म्हटलं, "अजून वापरलेला नाही. आता वापरायचा आहे."

त्याचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवू कशाला?