मथळ्यातली नोंद

तिने ब्रेल छपाईच्या प्रोग्रॅमची जुनी फाइल तिसऱ्यांदा नव्या कॉम्प्युटरवर चढवून पाहिली आणि तिसऱ्यांदाही तीच ओळ उमटली : सही ओळखता येत नाही.

शेजारी अंध विद्यालयाच्या ब्रेल छापखान्याच्या प्रमुख बाई बसल्या होत्या. त्यांना दिसत नव्हतं, पण तिचा सुस्कारा बरोबर ऐकू आला.

"नाहीच म्हणतंय का?"

"हट्टाला पेटलंय. फाइल खरी असल्याची खूण म्हणून सही असते ना, ती जुन्या पद्धतीची याला चालत नाही."

"परवा मुलांची परीक्षा आहे हो. जुना कॉम्प्युटर तर कायमचाच झोपला."

"थांबा, दुसऱ्या वाटेने जाऊ."

त्या काळी प्रोग्रॅमची फाइल चार भागांत बांधत. आधी ओळखीचा छोटा तुकडा, मग सही, मग सगळी माहिती असलेला मथळा आणि शेवटी दाबून बसवलेला खरा ऐवज. पहिले तीन भाग कापले की उरलेलं हाताने उलगडता आलं असतं. फक्त मथळा संपतो कुठे, ते शोधायचं होतं.

आतला प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी. त्याचं बक्षीस घ्यायला मात्र तिचे तेव्हाचे साहेब एकटेच मंचावर गेले. तिचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. महिन्याभरात तिने राजीनामा दिला. नंतर दोनदा त्यांचा फोन आला, तिने उचलला नाही. साहेबांनी माझ्या कामावर डल्ला मारला, हे ती अठरा वर्षं सगळ्यांना सांगत आली होती.

ती मथळा वाचत खाली उतरू लागली. आवृत्ती. तारीख. लेखकाच्या रकान्यात तिचं नाव, आडनावासकट. बांधणी करणाऱ्याच्या जागी साहेबांचं. खाली दुरुस्त्यांच्या सात नोंदी, सगळ्या ती गेल्यानंतरच्या. शेवटची साहेबांच्याच तुटक भाषेत : 'समास सरकत होता. नीट केला. मूळ रचना तिची, मोडू नये.'

माउसची टिकटिक थांबली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. सापडलं."

अर्ध्या तासात ब्रेल छापायचं यंत्र खडखडू लागलं. बाईंनी पहिल्या पानावरून बोटं फिरवली आणि पहिला प्रश्न मोठ्याने वाचला. मग हसून म्हणाल्या, "मुख्याध्यापकांना कळवते. प्रोग्रॅम कुणाचा म्हणून सांगू?"

ती वायर गुंडाळत होती. या प्रश्नाचं जुनं उत्तर तिला तोंडपाठ होतं.

"दोघांचा," ती म्हणाली. "लिहिला मी. सांभाळला आमच्या साहेबांनी."